ओल्या फडक्याचे शास्त्र

फळा पुसण्याच्या दोन पद्धती आपण सगळेच जाणतो. कोरड्या डस्टरने पुसला, की पहिल्या बाकावरची मुले शिंकू लागतात. ओल्या फडक्याने पुसला, तर खडूची भुकटी फडक्यातच राहते. इमारतीतून ॲस्बेस्टॉस काढण्याचे जे नियम निरनिराळ्या देशांत आहेत, त्यांचा गाभा हाच आहे. फरक एवढाच, की खडूच्या भुकटीचा त्रास शिंकेवर भागतो. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा हिशेब वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी पुढे येतो.

धागा इतका घातक का?

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. तंतुरूपात सापडणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून हे नाव आहे. त्यांपैकी क्रायसोटाइल वेगळ्या गटातले. उरलेली पाच ॲम्फिबोल गटातली. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, उष्णता सहजी वाहू देत नाहीत आणि सिमेंटला बळकटी देतात. म्हणून विसाव्या शतकात बॉयलरच्या वेष्टनापासून मोटारींच्या ब्रेकपर्यंत आणि वाफेच्या नळांपासून छपराच्या पत्र्यापर्यंत ते सर्वत्र पोचले.

अंबाडीचा वाख जसा उभा चिरत जातो, तसा हा तंतूही उभा चिरतो आणि अधिकाधिक बारीक होतो. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू बहुधा एक मायक्रॉनहूनही बारीक. स्टोक्सच्या नियमानुसार इतक्या सूक्ष्म कणाचा हवेतून खाली येण्याचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक मायक्रॉन जाड आणि पाच मायक्रॉन लांब तंतू स्थिर हवेत तीन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे चार तास लागतात. त्याच आकाराचा, पण निम्म्या मापाचा तंतू घेतला, तर वेळ चौपट, म्हणजे सोळा तास. शिवाय वर्गातली हवा कधीच स्थिर नसते. म्हणजे आज फोडलेल्या पत्र्याची धूळ उद्याच्या प्रार्थनेच्या वेळीही हवेत असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

फुप्फुसात शिरलेले बाहेरचे कण गिळण्याचे काम भक्षक पेशी करतात. परंतु पंधरा-वीस मायक्रॉनपेक्षा लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही. या अर्धवट प्रयत्नात त्यांच्यातून दाह निर्माण करणारी रसायने बाहेर पडतात. वर्षानुवर्षे हे चालले, की फुप्फुसाची लवचीक ऊती घट्ट होत जाते, हा ॲस्बेस्टॉसिस. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही होतो. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक.

लिबी गावाची गोष्ट

अमेरिकेच्या माँटाना राज्यात लिबी नावाचे छोटे गाव आहे. जवळच्या डोंगरात १९२० च्या दशकापासून व्हर्मिक्युलाइटची खाण चालू होती. १९६३ मध्ये ती डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीने घेतली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे खनिज तापवले की लाहीसारखे फुगते. या खनिज लाह्या ‘झोनोलाइट’ या नावाने घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक म्हणून पसरल्या जात. पण लिबीच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲम्फिबोल गटातले तंतू मिसळलेले होते.

खाणकामगार कपड्यांवरून ही धूळ घरी नेत. खाणीतला टाकाऊ माल लोकांनी बागेच्या मातीत मिसळला. शाळेच्या धावपट्टीवरही तो अंथरला गेला. कामगार आजारी पडलेच, पण खाणीत कधी पाऊल न टाकलेल्या त्यांच्या बायकामुलांनाही आजाराने गाठले. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका वृत्तपत्राने ही हकीकत छापली आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेचे लोक काही दिवसांतच गावात आले. पुढील दोन वर्षांतील तपासणीत ज्या ६,६६८ प्रौढांच्या छातीची क्ष-किरण चित्रे घेतली गेली, त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांच्या फुप्फुसावरणात दोष आढळला. २००९ मध्ये तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.

साफसफाईला जवळजवळ दोन दशके लागली. साडेसात हजारांहून अधिक जागा तपासल्या गेल्या, अडीच हजारांहून अधिक स्वच्छ केल्या गेल्या. माळ्यावरच्या लाह्या जाड नळीने शोषून घेतल्या, दूषित माती उकरून पुन्हा त्याच खाणीवर नेऊन टाकली.

काम करण्याची रीत

ॲस्बेस्टॉस काढणारी चांगली कंपनी सर्वांत आधी खोली वेगळी करते. दारे, खिडक्या, हवेचे मार्ग प्लॅस्टिकच्या कापडाने बंद करतात. मग गाळणी लावलेल्या पंख्याने आतली हवा सतत बाहेर ओढली जाते. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. कोठे फट राहिलीच, तर हवा बाहेरून आत येते, आतून बाहेर जात नाही. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ०.३ हाच आकडा का? कारण याच सुमाराचे कण अडवणे सर्वांत कठीण. त्याहून मोठे कण गाळणीच्या धाग्यांवर आदळून अडकतात. त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तेही धाग्यांना चिकटतात.

नंतर येते ओले फडके. नुसते पाणी तंतूंवरून ओघळून जाते, म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ घालून पृष्ठताण कमी करतात. भिजलेला माल न फोडता काढायचा, दुहेरी पिशवीत बंद करायचा आणि पिशवीवर इशारा लिहायचा. कामगाराने बारीक कण अडवणारा श्वसनमुखवटा लावायचा, साधा रुमाल नव्हे. बाहेर पडताना अंगावरचा पोशाख तेथेच टाकून आंघोळ करायची. लिबीच्या कामगारांना हे कोणी सांगितले असते, तर धूळ त्यांच्या घरी गेली नसती.

शेवटी हवेची चाचणी. ती घेण्यापूर्वी खोलीतली हवा यंत्राने मुद्दाम ढवळतात, म्हणजे कोपऱ्यात दडलेले तंतू वर यावेत. ही चाचणी काम करणाऱ्या कंपनीवर अवलंबून नसलेल्या माणसाने घ्यावी. विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासू नये, तसेच हे.

लोकांचा सहभाग कशासाठी?

लोकांना माहिती देणे हे केवळ सौजन्य नाही, तो तपासाचाच भाग आहे. लिबीत दूषित माल कोठे कोठे गेला, याचा नकाशा कोणत्याही दप्तरात नव्हता. कोणी पोते घरी नेले, कोणाच्या परसात काय पुरले, हे गावालाच ठाऊक होते. गावकऱ्यांचा सल्लागार गट स्थापन झाला, घरोघरी विचारणा झाली. भिंतींच्या आत बंदिस्त असलेला माल बऱ्याच ठिकाणी तसाच ठेवला आहे. म्हणून खोदण्यापूर्वी किंवा भिंत फोडण्यापूर्वी गावकऱ्यांनी विचारावे, यासाठी तेथे स्थानिक कार्यालय आहे.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने शाळांवर अशीच जबाबदारी टाकली. ॲस्बेस्टॉस कोठे आहे याची नोंद ठेवायची, दर सहा महिन्यांनी पाहणी करायची, दर तीन वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासायचे आणि पालक व शिक्षकांना दर वर्षी कळवायचे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्यास सांगितले. रोग इतक्या उशिरा उगवतो, म्हणून हा आकडा.

आपल्या शाळेचा पत्रा

आपल्याकडे ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, त्यात सहसा क्रायसोटाइल असते. ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असल्याने धड पत्र्याखाली बसलेल्या मुलांविषयी घबराट नको. धोका पत्रा कापताना, भोके पाडताना, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना आणि फुटल्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणात घरांचे, शाळांचे पत्रे उडाले, फुटले. अशा वेळी मुलांना हाताशी घेऊन आवार झाडून काढणे, ही आपली स्वाभाविक सवय. नेमकी तीच टाळायला हवी.

तुकडे आधी पाण्याने भिजवावेत, मोठ्यांनीच योग्य मुखवटा लावून उचलावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. कोरडा झाडू लावू नये. पत्रे बदलायचे असतील, तर काम सुट्टीत काढावे, बोल्ट सोडवून पत्रा अखंड उतरवावा, वरून फेकू देऊ नये. टाकाऊ माल कोठे द्यायचा, याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच चौकशी करावी. आणि फुटक्या पत्र्यांचा चुरा मैदानाच्या खड्ड्यांत कधीही घालू नये. लिबीच्या शाळेची धावपट्टी अशाच काटकसरीतून झाली होती.

वर्गात एक प्रयोग करता येईल. खिडकीतून उन्हाची तिरीप येत असताना फळा आधी कोरड्या डस्टरने आणि नंतर ओल्या फडक्याने पुसावा. तिरिपेतले कण किती वेळ तरंगतात, हे मुलांना घड्याळ लावून पाहू द्यावे. मग सांगावे, की यांहून कितीतरी बारीक कण या उन्हातही दिसत नाहीत. पालकसभेत पत्र्यांचा विषय काढण्यापूर्वी एवढी तयारी पुरे.