निकालानंतरचा पंधरवडा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या समाजातील घरांचे एका दिवसापुरते दोन वर्ग पडतात. एक पेढे वाटणाऱ्या घरांचा व दुसरा पेढे स्वीकारणाऱ्या घरांचा. पहिल्या वर्गातील मंडळींस उपदेशाची आवश्यकता नसते आणि असली तरी त्या दिवशी तो ऐकण्यास त्यांस सवड नसते. प्रस्तुत लेख दुसऱ्या वर्गातील घरांकरिता आहे. शेजारच्या घरातून आलेला पेढा देवापुढे ठेवून गृहिणी स्वयंपाकघरात जाते, वडील वर्तमानपत्र उघडून बसतात पण वाचीत नाहीत, आणि ज्याच्यामुळे हे सर्व घडले तो मुलगा अथवा ती मुलगी दाराआड उभी असते. अशा घराने पुढील पंधरा दिवसांत काय करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

ही चिंता आजची नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी होत. पुढे हीच परीक्षा सरकारी नोकरीचे प्रवेशद्वार बनली आणि आपल्या भाषेत ‘मॅट्रिकच्या वाऱ्या’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘नॉन-मॅट्रिक’ हे विशेषण तर कित्येकांच्या नावास जन्मभर चिकटून राहिले. १९४९ साली मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली आणि १९७५ पासून ती अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस होऊ लागली. परीक्षेचे नाव बदलले, इयत्ता बदलली. परंतु निकालाच्या सायंकाळी घरात भरणारे न्यायालय मात्र आहे तसेच राहिले.

या न्यायालयात बहुधा पहिल्याच तासात शिक्षा ठोठावली जाते. ‘उद्यापासून खेळ बंद’, ‘आता दुकानात बसव’, ‘हिचे शिक्षण पुरे झाले’. अशी वाक्ये बोलणारा बहुतेक वेळा रागापेक्षा भीतीनेच बोलत असतो, हे आम्ही जाणून आहो. तथापि ऐकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या जिवास हा भेद कळत नाही. निकालाच्या सुमारास वृत्तपत्रांत येणाऱ्या दुःखद बातम्या वाचकांनी वाचलेल्याच असतील. म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. पहिले दोन दिवस कोणताही निर्णय घेऊ नये. मुलास पंगतीत नेहमीच्या जागी बसवावे, नेहमीप्रमाणे वाढावे, रात्री एकटे झोपू देऊ नये. आत्या, मावशी, काका यांचे फोन आले तर वडीलधाऱ्या माणसाने उत्तर द्यावे, ‘गुण किती?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाकडून वारंवार वदवून घेऊ नये. मूल जेवणावर बसेनासे झाले, अगदीच बोलेनासे झाले, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलू लागले, तर ते नाटक समजून हसण्यावारी नेऊ नये. जवळच्या डॉक्टरांकडे जावे. तसेच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. गेलेले वर्ष भरून काढता येते; गेलेले मूल परत येत नाही. हे वाक्य कठोर आहे, पण ते निकालाच्या दिवशीच आठवावयास हवे.

दोन दिवसांनंतर गुणपत्रिका पुढे घेऊन शांतपणे वाचावी. निराशा एकाच प्रकारची नसते. एखादे मूल एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेले असते. एखादे उत्तीर्ण होऊनही बेताचेच गुण मिळवते. आणि एखाद्यास शेकडा अठ्ठ्याऐंशी गुण मिळूनही घरात सुतक धरल्यासारखी शांतता असते, कारण चुलतभावास त्र्याण्णव मिळाले! या तिन्हींवर एकच औषध चालणार नाही. तिसऱ्या प्रकारात तर औषध मुलास नव्हे, घरास द्यावयास पाहिजे. एकत्र कुटुंबात एकाच छताखाली वाढणाऱ्या भावंडांची तुलना होणे स्वाभाविक आहे असे पुष्कळ म्हणतात. पण ती तुलना जेवताना, पाहुण्यांदेखत व वारंवार करणे हे स्वाभाविक नव्हे. अशा तुलनेने मागे पडलेले मूल पुढे जात नाही. दोन भावांचे सख्य मात्र कायमचे जाते.

गुण अनपेक्षित कमी असतील तर केवळ तर्क करीत बसू नये. राज्य मंडळाकडून गुणपडताळणी करून घेता येते व उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मिळते. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते. या सर्वांच्या मुदती निकालानंतर लवकरच संपतात. म्हणून घरातील एका माणसाने शाळेत जाऊन तारखा लिहून आणाव्या. छायाप्रतीचा उपयोग गुण वाढविण्यापुरताच आहे असे मात्र नाही. तिच्यावरून रोगाचे निदान होते. प्रश्नच सोडून दिले आहेत काय? असल्यास अभ्यास झाला नव्हता. पहिली पाने सुवाच्य आणि शेवटची कोरी आहेत काय? असल्यास ज्ञान होते, लेखनाचा वेग नव्हता. विचारले एक व लिहिले दुसरेच, असे आहे काय? असल्यास पाठांतर झाले, आकलन झाले नाही. आणि तोंडी सर्व सांगणारे मूल लिहिताना अक्षरांची व अंकांची उलटापालट करीत असेल, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वी तज्ज्ञांस दाखवावे. अशी विशिष्ट अध्ययन-अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मान्य झालेली आहे आणि योग्य प्रमाणपत्र असल्यास अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत अधिक वेळ व अन्य सवलती मिळतात. कित्येक मुले ‘मठ्ठ’ या एका शब्दाखाली दहा वर्षे काढतात आणि कोणी त्यांची वही नीट उघडून पाहत नाही.

निदान झाल्यावर मार्गांचा विचार. येथे घरोघरी एक मोठा गैरसमज आढळतो तो असा की, दहावीनंतर एकच राजमार्ग आहे आणि त्यावरून घसरलेला खड्ड्यातच पडतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एक-दोन विषय राहिलेल्यांस त्याच वर्षी पुरवणी परीक्षेस बसता येते. अशांस अकरावीत प्रवेशही मिळू शकतो, मात्र ते विषय सुटल्याखेरीज पुढचा मार्ग मोकळा होत नाही. उत्तीर्ण झालेल्यांस गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसण्याची मुभा आहे. नियमित शाळा ज्यांस मानवत नाही त्यांच्याकरिता १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. हाताने काम करण्याची आवड असणाऱ्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय.मध्ये, जाता येते. तारतंत्री, जोडारी, सुतारकाम, नळकाम यांपैकी तारतंत्री, सुतारकाम व नळकाम यांसारख्या काही व्यवसायांस दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही घेतात. उत्तीर्ण पण बेताचे गुण असलेल्यांस तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेता येते आणि ती उत्तम रीतीने पुरी केल्यास अभियांत्रिकीच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ज्या गावास जावयाचे तेथेच, पण निराळ्या वाटेने.

आमच्या वाचकवर्गास यांतील एक मार्ग पटकन रुचणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. लेखणी धरणारांच्या घरात पान्हा धरणारा जन्मला तर अजूनही कुळास कमीपणा आल्यासारखे वाटते. वास्तविक आपल्या घरातील विजेची तार बिघडली की याच कारागिराची वाट आपण दिवसदिवस पाहत बसतो. ज्या विद्येवाचून आपले घर अंधारात राहते ती विद्या हलकी कशी? आणि ‘कला शाखा म्हणजे नापासांचे आश्रयस्थान’ हीही समजूत सोडून द्यावी. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र यांत ज्यास खरोखर गोडी आहे त्यास केवळ लोक काय म्हणतील म्हणून विज्ञान शाखेत लोटणे, आणि त्याकरिता देणगीची भली मोठी रक्कम कर्ज काढून भरणे, हा दुहेरी तोटा होय. त्यात मुलाची दोन वर्षे जातात आणि धाकट्या भावंडांचा वाटाही जातो.

निर्णय कोणी घ्यावा हा खरा प्रश्न आहे. या बाबतीत महात्मा गांधींच्या चरित्रातील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. १८८७ साली ते मॅट्रिक झाले व भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. तेथील शिक्षण त्यांस झेपेना. एका सत्रानंतर ते घरी परतले. वडील हयात नव्हते. तेव्हा कुटुंबाचे जुने स्नेही व सल्लागार मावजी दवे हे विद्वान ब्राह्मण गृहस्थ घरी आले असता त्यांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे असे सुचविले. महत्त्वाची गोष्ट ही की, मावजी दवे यांनी मुलाकडे वळून त्यासही विचारले. मुलाने वैद्यकाची इच्छा बोलून दाखविली. थोरल्या भावाने वडिलांचे मत सांगून ती अमान्य केली. आईस वाटणारी भीती तीन प्रतिज्ञांनी दूर झाली, पैशाची तजवीज भावाने केली, आणि सप्टेंबर १८८८ मध्ये गांधी बोटीवर चढले. त्या घराने चुकाच केल्या नाहीत असे आमचे म्हणणे नाही. वैद्यकाची इच्छा तेथे मोडलीच गेली. परंतु मुलगा कौटुंबिक सभेत बसला होता, दाराआड उभा नव्हता. घराबाहेरील एका समंजस माणसाचे मत घेतले गेले, आईची भीती ऐकून घेतली गेली व पैशाचा हिशेब झाला. या चार गोष्टी कोणत्याही घरास करता येण्याजोग्या आहेत.

येथे थोर पुरुषांच्या अपयशाच्या कथांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. निकालानंतर सांत्वनास येणारी मंडळी ‘रामानुजनसुद्धा नापास झाले होते’ असे हमखास सांगतात. हे खरे आहे. गणिताखेरीज अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कुंभकोणमच्या कॉलेजातील त्यांची शिष्यवृत्ती गेली व पुढे मद्रासेस एफ. ए.च्या परीक्षेतही ते अनुत्तीर्ण झाले. परंतु कथा तेथेच थांबविणे ही मुलाची फसवणूक होय. त्या वर्षांत रामानुजन स्वस्थ बसले नव्हते, त्यांच्या वह्या भरत होत्या. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्यांस दरमहा पंचवीस रुपये दिले. १९१२ साली त्यांनी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकुनी पत्करली. आणि १९१३ च्या आरंभी हार्डींस पत्र लिहिले. तात्पर्य, अनुत्तीर्ण होणे हे प्रतिभेचे लक्षण नव्हे. अपयशानंतरही ज्याच्या हातात काम राहिले आणि पाठीशी एखादा रामचंद्र राव उभा राहिला, तो तरला. मुलाच्या हातात काम कोणते आहे व त्याचा रामचंद्र राव कोण होणार, हे प्रश्न घराने स्वतःस विचारावे.

आता आमच्या मते सर्वांत गंभीर गोष्ट. अपयश मुलाचे असले तर पुरवणी परीक्षेचा अर्ज, शिकवणी व नवी पुस्तके यांची चर्चा होते. तेच अपयश मुलीचे असले तर सुशिक्षित घरांतूनही एक निराळाच सूर निघतो: ‘तिला तरी कोठे नोकरी करावयाची आहे?’ आमच्या परिचयाच्या एका घरात एकाच वर्षी सख्खी चुलत भावंडे गणितात राहिली. मुलाच्या शिकवणीचे पैसे दुसऱ्या दिवशी भरले गेले. मुलीकडे धाकट्या काकूंच्या बाळंतपणाचे काम आले. ती रागावली नाही, बोललीही नाही. आजीने मात्र ते पाहिले. ‘घरकामाला बाई ठेवा, नाहीतर मी करते, पोरीचा अर्ज आज गेला पाहिजे,’ एवढेच त्या माउलीने सांगितले. अर्ज गेला, दोघेही पुरवणी परीक्षेत सुटली. मुलीस भावापेक्षा अधिक गुण पडले की कमी, हे आम्ही मुद्दामच सांगत नाही, कारण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न दुसरी संधी दोघांस सारखी मिळण्याचा होता. आमच्या वाचकभगिनींस आमची विनंती आहे की, आपल्या घरात अशी वेळ आली तर ते एक वाक्य आपण बोलावे. ते बोलण्याचा अधिकार सासूबाईंस जितका आहे तितकाच धाकट्या सुनेसही आहे.

वर्ष मोडले तरी ते शिक्षेचे वर्ष होऊ देऊ नये. सकाळी दोन-तीन तास राहिलेल्या विषयाचा अभ्यास, दुपारी टंकलेखन, संगणक अथवा एखादे हस्तकौशल्य, सायंकाळी खेळ, आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविणे, एवढा क्रम पुरेसा आहे. पहारा ठेवू नये; महिन्यातून एकदा वही पाहावी. खर्चाचा आकडा मुलापासून लपवू नये, आणि तो त्यास टोचून ऐकवूही नये.

पंधरवड्याच्या अखेरीस घरात एक कागद तयार असावा. त्यावर कोणता मार्ग घ्यावयाचा, त्याची शेवटची तारीख कोणती, खर्च किती व कोण करणार, आणि तो न साधल्यास दुसरा मार्ग कोणता, इतके लिहिलेले असावे. कागदाच्या खाली पहिली सही त्या मुलाची अथवा मुलीची असावी, वडिलांची त्यानंतर. मग शेजाऱ्यांच्या मुलाचे अभिनंदन करावयास सर्वांनी मिळून जावे. आपल्या मुलास बरोबर न्यावे, आणि कोणी विचारलेच तर पुढे काय ठरले ते त्यालाच सांगू द्यावे.