गिटारचा पिकअप बदलताना

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. अ‍ॅम्प्लिफायर तोच वाढवतो. एकेरी वेटोळ्याचा आवाज स्वच्छ, धारदार. पण ते विजेची घरघरही पकडते. ती घालवण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये दोन वेटोळ्यांचा हंबकर घडवला. त्याचा आवाज भरदार असतो. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, मात्र वरच्या स्वरांची धार बोथटते. पिकअप बदलताना पोटेन्शिओमीटरही (आवाजाच्या नॉबखालचे बदलते रोधक) जुळवतात : एकेरीला साधारण २५०, हंबकरला ५०० किलोओहम. त्याआधी नव्या तारा चढवून जुन्याच पिकअपची उंची स्क्रूने कमी-जास्त करून पाहावी. तेवढ्यानेही आवाजात स्पष्ट फरक पडतो.