रॅलींची पेढी आणि मेरीचा कुंचला

घरी शेती असलेल्या मित्रांना 'रॅलीज' हे नाव नवीन नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर ते हमखास दिसतं. कंपनी आज टाटांची असली तरी नाव मात्र ग्रीक आहे, एजियन समुद्रातल्या किऑस बेटावरच्या रॅली घराण्याचं!

रॅली बंधूंपैकी काहीजण १८१८ च्या सुमारासच धंद्यासाठी लंडनला पोचले होते. १८२२ मध्ये तुर्की फौजांनी किऑसवर भयंकर कत्तल केली. हजारो मेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. वाचलेली घराणी लंडन, मार्सेय, त्रिएस्त, अशी जिथे आपली माणसं होती तिथे पांगली. त्यामुळे झालं काय, की प्रत्येक मोठ्या बंदरात कोणी ना कोणी काका-मामा! आपल्याकडच्या मारवाडी पेढ्यांसारखंच. ओडेसातला भाचा गहू घेणार, लंडनचा काका हुंडी वटवणार आणि सोयरीक शक्यतो आपसातच. रॅलींनी १८५१ मध्ये कलकत्त्यात आणि १८६१ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे बघू लागल्या. टायमिंग बघा!

आता तुम्ही म्हणाल, यात चित्रकला कुठून आली? तर लंडनच्या या ग्रीक मंडळींनी पैसा नुसता साठवला नाही. कॉन्स्टंटाइन आयोनिडीस यांनी बॉटिचेलीपासून देगापर्यंतची चित्रं जमवली. १९०० मध्ये ते वारल्यावर हा संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला मिळाला.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती स्पार्टली घराण्यातली मेरी (जन्म १८४४). वडील व्यापारी आणि लंडनमधले ग्रीसचे कॉन्सल. धाकटी बहीण क्रिस्टिना हिला व्हिसलरनं किमोनो घालून रंगवलं. वडिलांनी ते चित्र विकत घ्यायला चक्क नकार दिला! आज ते वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालयात आहे. मेरीचा चेहरा तर सगळ्यांनाच हवा होता. रोझेटीनं तिला रंगवलं. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंनी तिचे फोटो काढले.

मेरी मात्र १८६४ पासून फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनकडे रीतसर चित्रकला शिकत होती. १८६७ मध्ये तिची चित्रं प्रदर्शनात लागली. १८७१ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून तिनं विल्यम स्टिलमन या अमेरिकन पत्रकाराशी लग्न केलं. हा विधुर, कमाईची शाश्वती नाही, शिवाय 'आपल्यातला' नाही. गंमत म्हणजे तोही फोटोग्राफर! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसच्या फोटोंचं पुस्तक त्यानं १८७० मध्ये काढलं होतं. ग्रीक बापाला तेवढ्यानं काय समाधान वाटणार?

लग्नानंतर मुलंबाळं, फ्लॉरेन्स, रोम अशी बिऱ्हाडं हलवणं सगळं झालं, पण कुंचला सुटला नाही. जवळजवळ साठ वर्षं ती काम करत राहिली आणि शंभरावर चित्रं केली. तरीही तिचं नाव बरीच वर्षं 'रोझेटीची सुंदर मॉडेल' असंच यायचं. ती वारली १९२७ साली. अमेरिकेतल्या डेलावेअर कलासंग्रहालयानं फक्त तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०१५ मध्ये.