बुद्धीचे माप आणि खजिन्याचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात पावसाची झड लागून बांध्यांत पाणी साचले, म्हणजे शाळेच्या सत्रास आणि धानाच्या रोवणीस जवळपास एकाच सुमारास तोंड लागते. आणि ज्या घरची आई उजाडताच दुसऱ्याच्या बांधीत रोवण्यासाठी मजुरीने जाते, त्या घरची थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत घरीच राहते. आरंभीचे धडे तिच्या हातून सुटतात, पुढले त्यांवाचून उमगत नाहीत, आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर 'ढ' हा शिक्का बसतो. तिच्या गैरहजेरीची नोंद हजेरीपटावर असते. शिक्का मारताना तो पट मात्र कोणी उघडीत नाही.

ह्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांची भाषा झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दीर्घ व्यासंगाने जिचा शब्दकोश सिद्ध केला, त्या ह्या बोलीत 'ण' आणि 'ळ' हे उच्चार नाहीत; म्हणून 'पानी' आणि 'डोरा' असे लिहिणारे मूल आपल्या कानांशी पूर्ण इमान राखीत असते, आणि तरीही वहीवर तांबडी रेघ त्याच शब्दांखाली उमटते. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेत हेच मूल बुद्धिमत्ता चाचणीला बसते. तेथील प्रश्न प्रमाण मराठीत, वेळ मोजका. तेव्हा विचारशक्तीइतकीच वाचनाच्या सवयीची, आणि म्हणून घरातील पुस्तकांची व शिकवणीच्या ऐपतीचीही, तेथे परीक्षा होते.

अशा चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने ह्याचा हेतू निराळा होता. पॅरिसमधील कोणत्या मुलांना अधिक साहाय्य हवे, एवढेच ओळखण्यासाठी त्याने थिओडोर सिमाँच्या सहकार्याने १९०५ मध्ये आपली मापनश्रेणी रचली, आणि बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न वाढणारी राशी आहे, ह्या मताचा त्याने पुढे स्पष्ट निषेध केला. परंतु १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने तिचे जे रूप प्रचारात आणले, त्यामागे बुद्धी आनुवंशिक असल्याची श्रद्धा होती. आणि मदतीसाठी घडविलेले साधन निवडीचे, म्हणजेच वगळण्याचे, साधन झाले. ही श्रद्धा सत्ताधाऱ्यांना सोयीची आहे. अपयशाचे कारण मुलाच्या डोक्यात आहे असे एकदा ठरले, की खजिन्यातून काही खर्च करण्याची निकडच उरत नाही.

हे वर्म जोतीराव फुल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले, की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. भंडारा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे, तेथे १९३७ नंतर शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर ग्रामशाळा चालवावी, ही कल्पना उदात्त खरी; पण मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीसारख्या पद्धतीच्या, मुलखात देण्याजोगी जमीन थोड्यांकडेच होती, त्यामुळे शाळेचे भवितव्य त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहणार होते.

आज मर्जीची जागा फीने घेतली आहे. २००१ मध्ये राज्यात नव्या शाळांना सरकारी अनुदान न देण्याचे 'कायम विनाअनुदान' तत्त्व आले, २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्याने दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के प्रवेशांतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द ठरविली, हे ठीक झाले.

तथापि सर्व काही न्यायालयांवर सोपवून चालणार नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. भंडाऱ्यातील पालकांनी आपल्या समितीत ठराव करावा, की रोवणीत बुडालेले धडे स्वतंत्र तास घेऊन शिकवावेत आणि पहिल्या दोन इयत्तांत झाडीबोलीतील उत्तर चूक धरू नये. आणि त्या ठरावाची नक्कल जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडून तिची पोच घ्यावी.