अवचित धन आणि उद्ध्वस्त घर

"आजोबा, आपल्याला लॉटरी लागली तर तुम्ही काय कराल?" असा प्रश्न आमच्या धाकट्या नातवानें परवां रात्रीं जेवणाच्या पंगतींत टाकला, आणि क्षणार्धांत सारी पंगत श्रीमंत झाली. चिरंजीवांनीं घराचें कर्ज फेडलें, सूनबाईंनीं मोठें घर घेतलें, आमच्या कुटुंबानें काशीयात्रा उरकून माहेरच्या देवळाचा जीर्णोद्धारही आरंभिला. आम्ही मात्र गप्प होतों. आमच्या डोळ्यांपुढें अमेरिकेंतील एका घराची हकीकत उभी राहिली होती. ती त्या हंसत्या पंगतींत सांगवेना, म्हणून येथें सांगतों. कारण ती नातवांपेक्षां आजोबांनींच ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनिया नांवाचें डोंगराळ राज्य आहे. कोळशाच्या खाणी ही त्याची जुनी ओळख. तेथें जॅक व्हिटेकर नांवाचा गृहस्थ राहत असे. जन्म १९४७ चा. चौदाव्या वर्षापासून कामाला लागलेला, आणि पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांचीं कंत्राटें घेऊन स्वकष्टानें चांगला सधन झालेला. पत्नी ज्युएल, एक मुलगी आणि एक लाडकी नात, असा त्याचा संसार. २५ डिसेंबर २००२, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशीं, त्याच्या तिकिटाला ३१ कोटि ४९ लक्ष डॉलरांची सोडत लागली. एकाच तिकिटाला एवढी मोठी रक्कम तोंवर कधींच लागली नव्हती. ती एकरकमी घेऊन, कर वजा जातां, सुमारें ११ कोटि ३० लक्ष डॉलर त्याच्या हातीं आले.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. हा मनुष्य दरिद्री नव्हता, आळशी नव्हता, आणि दुष्ट तर नव्हताच. मिळालेल्या धनाचा दहावा हिस्सा त्यानें आपल्या धर्ममंदिरांना दिला. गोरगरिबांसाठीं स्वतंत्र निधि काढला. ज्या दुकानांत तिकीट घेतलें, तेथल्या कामकरी बाईलाही घर घेऊन दिलें. तेव्हां 'ज्याला पैशाची संवय नाहीं तोच बिघडतो', ही आपली नेहमींची समजूत येथें लागू पडत नाहीं. स्वतः मिळविलेल्या पैशाला घाम, वेळ आणि हिशेब हीं तीन कुंपणें असतात. अवचित आलेल्या पैशाला त्यांतलें एकही नसतें.

पुढची उतरंड फार जलद झाली. जॅक मद्याच्या आहारीं गेला. मोटारींत लक्षावधि डॉलरांची रोकड ठेवून तो नको त्या ठिकाणीं फिरूं लागला. २००३ च्या ऑगस्टांत एका हीन नाचगृहाबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मोटारींतून ५,४५,००० डॉलर चोरीस गेले. पुढच्याच जानेवारींत आणखी दोन लक्ष गेले. मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल त्याला अटकही झाली. पुढें न वटलेल्या धनादेशांबद्दल एका जुगारगृहानें त्याच्यावर दावा आणला.

पण चोरांनीं नेलें तें थोडें. प्रेमानें दिलेल्या पैशानें याहून मोठी हानि केली. नातीवर आजोबांचा जीव होता. त्यांनीं तिला मोटारी दिल्या, आणि आठवड्याला सुमारें दोन हजार डॉलर खर्चायला दिले, असें तेव्हां वृत्तपत्रांतून आलें होतें. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातांतला हा पैसा सर्वांत आधीं कोणास दिसला असेल? अंमली पदार्थ विकणारांस. मुलगी व्यसनांत सांपडली. सप्टेंबर २००४ मध्यें तिचा अठरा वर्षांचा मित्र व्हिटेकरांच्याच घरांत अति मात्रेनें मृत झालेला आढळला. डिसेंबरांत, सोडतीला पुरतीं दोन वर्षें व्हावयाच्या आधींच, ती मुलगी स्वतः मृतावस्थेंत सांपडली. वय वर्षें सतरा. मृत्यूचें कारण वैद्यांना निश्चित करतां आलें नाहीं. तिच्या शरीरांत अंमली द्रव्यें मात्र आढळलीं. तें तिकीट आपण फाडून टाकलें असतें तर बरें झालें असतें, असे उद्गार त्या आजीनें पुढें काढले. २००८ मध्यें त्या दांपत्याचा प्रदीर्घ संसार घटस्फोटानें संपला. २००९ मध्यें मुलगीही वारली. २०२० मध्यें जॅक गेला.

त्या प्रदेशाचें दुर्दैवही यांत आहे, तें न सांगणें अन्यायाचें होईल. १९९६ मध्यें पर्ड्यू फार्मा या कंपनीनें ऑक्सिकॉन्टिन नांवाच्या वेदनाशामक गोळ्या बाजारांत आणल्या. या अफूच्या जातीच्या औषधाची चटक लागण्याचा धोका कमी आहे, असें डॉक्टरांना भासविण्यांत आलें. खाणींत पाठ मोडलेल्या कामगारांच्या त्या मुलखांत त्या गोळ्या घरोघर पोंचल्या. २००७ मध्यें कंपनीनें न्यायालयांत अपराध कबूल केला. परंतु तोंवर अति मात्रेनें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण त्या राज्यांत भयंकर वाढलें होतें, आणि पुढें अनेक वर्षें तें साऱ्या अमेरिकेंत सर्वाधिक राहिलें. सारांश, दारुगोळा आधींच पसरला होता. आजोबांचा पैसा ही ठिणगी झाली.

हें वाचतांना आम्हांस वनपर्वांतील नलोपाख्यानाची आठवण झाली. कलि नलराजाच्या शरीरांत शिरण्यासाठीं बारा वर्षें छिद्र शोधीत होता. अखेर राजा एकदां पाय न धुतां संध्येस बसला, आणि तेवढ्या चुकीवर कलीचें काम झालें. मग द्यूत, राज्यनाश, वनवास. लहानपणीं पाठ करतांना आम्हांस ही शिक्षा अति कठोर वाटे. आतां वाटतें, व्यसन असेंच येतें; तें महाद्वारानें येत नाहीं, एखाद्या न धुतलेल्या टांचेवाटे येतें. आणि आणखी एक गोष्ट. नल ऐकेना, तेव्हां दमयंतीनें वार्ष्णेय सारथ्याकरवीं मुलांना रथांत बसवून विदर्भांत कुंडिनपुरास धाडलें. पतीला सांवरणें तिला साधलें नाहीं. मुलांना मात्र तिनें आगींतून बाहेर काढलें.

हें संकट सातासमुद्रांपलीकडलें आहे, असें समजून कोणी स्वस्थ बसूं नये. शहरांलगतच्या आपल्या कित्येक गांवांत रस्त्यांसाठीं व कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या, आणि बापजाद्यांनीं न पाहिलेला पैसा एका दिवसांत दारीं आला. 'एमडी' या टोपणनांवानें विकलें जाणारें मेफेड्रोन २०१५ मध्यें प्रतिबंधित द्रव्यांच्या यादींत घालावें लागलें, यावरून तें केवढें फोफावलें होतें हें कळेल.

कोणाच्या घरीं हें शिरलेंच, तर काय करावें? प्रथम, मारझोड व कोंडून ठेवणें सोडावें. अफूजन्य द्रव्य मेंदूला इतकें अंगवळणीं पडतें कीं, तें न मिळाल्यास अंग ठणकतें, वांत्या होतात, झोंप उडते. हा केवळ चारित्र्याचा दोष नव्हे, रोग आहे, आणि त्यावर उपचार आहेत. कांहीं काळ सोडल्यावर पुन्हां पूर्वींचीच मात्रा घेणें तर प्राणघातक ठरूं शकतें, कारण शरीराची सहनशक्ति मध्यंतरीं उतरलेली असते. दुसरें, अब्रूच्या भीतीनें लपवूं नये. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यांतही, स्वेच्छेनें मान्य संस्थेंत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास कांहीं अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यास १९८६ मध्यें डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र उभारलें, तें पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानें. तोच पैसा, पण विचारी हातांतून गेला, तर तो किती घरें सांवरतो पाहा.

आतां आमची कबुली. आमचा थोरला नातू परगांवीं वसतिगृहांत शिकतो. त्याच्या बापाला न कळवितां आम्ही त्यास मोबाइलवरून दरमहा पैसे पाठवीत होतों. पोरगा गुणी आहे. पण त्या पैशाचें काय होतें हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, आणि विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आमची समजूत होती. पंगतीच्या दुसऱ्याच दिवशीं आम्हीं सर्व हकीकत चिरंजीवांस सांगितली. नातवालाही कळविलें कीं, पैसे येतील, पण घरच्या वहींत लिहून येतील, आणि महिन्यांतून एकदां आम्ही स्वतः येऊन दोन दिवस तुझ्याजवळ राहूं. नातू आठ दिवस रुसला. रुसो बापडा! आमची पिशवी भरून ठेवली आहे. येत्या शनिवारीं आम्ही निघतों.