व्हिडिओमागचं संगीत आणायचं कुठून?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, थोडं आटोपशीर करून.)

मागच्या खेपेला आपण बोललो होतो की पापड-कुरडईचा व्हिडिओ करताना उजेड कुठल्या बाजूनं घ्यायचा. त्यानंतर फोन आले ते मात्र उजेडाबद्दल नाहीत, गाण्याबद्दल. "ताई, व्हिडिओ टाकला आणि कॉपीराइटचा निरोप आला, आता पोलीस येणार का?" असं एकीनं विचारलं, आणि तिचा आवाज खरंच घाबरलेला होता. पोलीस येत नाहीत बाई, एवढ्यावर कुणी येत नाही. पण तो निरोप का आला हे समजून घेतलं पाहिजे. मी ते चांगलीच किंमत मोजून समजून घेतलंय.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या गटानं कुरडईचा व्हिडिओ केला. गहू भिजत घालण्यापासून सोऱ्यातून कुरडई पडेपर्यंत सगळं. चीक शिजवताना तो चकचकीत कधी दिसतो, उलथन्याला कधी सुटतो, हे माझ्या आत्याबाई सांगत होत्या. चुलीपाशी बसून, डोक्यावरचा पदर सावरत, अगदी आपल्या सुनेला सांगावं तसं. माझ्या भाचीनं व्हिडिओ जोडला आणि "नुसतं बोलणं कोरडं वाटतं" म्हणून मागे एक गाजलेलं सिनेमातलं गाणं लावलं. ऐन वाळवणाच्या दिवसांत, ऑर्डरी यायला लागल्या आणि एका सकाळी व्हिडिओ दिसेनासा झाला. फोन भरला म्हणून मूळ चित्रण आम्ही केव्हाच पुसून टाकलं होतं. आणि त्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्याबाई गेल्या. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट आमच्याकडे होती, आणि ती एका गाण्याखाली अडकली होती. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी गाण्याचं.

एका गाण्यात मालक किती असतात? आपल्याला वाटतं एक. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, चाल बांधणाऱ्याचा वेगळा, आणि ते गाणं ज्यांनी पैसे घालून मुद्रित केलं त्यांचा त्या मुद्रणावरचा हक्क वेगळा. गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाचा हक्क आहे. आपल्याकडे हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकार हयात असेपर्यंत, आणि ते गेल्यानंतर पुढे ६० वर्षं. मुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा ती वाढवून ६० केली.

म्हणून "जुनं गाणं आहे, आता कुणाचं नाही" हे म्हणताना जरा थांबायचं. गीतरामायणच घ्या, रेडिओचंच लेकरू. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. सत्तर वर्षं होऊन गेली, आता काय, असं वाटेल. पण गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. आपल्यातल्या कितीजणी तोवर असू!

आणि देवाचं गाणं? एका ताईंनी विचारलं, "आरती तर देवाची, तिच्यावर कुणाचा हक्क?" प्रश्न बरोबर आहे. गणपतीची जी आरती आपण घरोघर म्हणतो ती समर्थ रामदासांची मानली जाते, म्हणजे सतराव्या शतकातली. ते शब्द तुमचे, माझे, सगळ्यांचे. तुकोबांचे अभंगही तसेच. पण 'अभंग तुकयाचे' मधल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. ते २०११ साली गेले, तेव्हा त्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहणार. शिवाय लताबाईंच्या आवाजातलं ते मुद्रण आणखी वेगळं. पुरणपोळी कुणाच्या मालकीची नाही, पण मी करून डब्यात भरलेल्या पोळ्या माझ्या, हे जसं, तसंच हे. तुमच्या भजनी मंडळानं पारंपरिक चालीत आरती म्हटली आणि तुम्ही ती मुद्रित केली, तर ते मुद्रण तुमचं. कंपनीची तबकडी लावली, तर ते कंपनीचं.

लग्नाचंही विचारतात. लग्नात, वरातीत गाणं वाजवलं तर तो भंग होत नाही, असं कायद्याच्या कलम ५२ मध्ये म्हटलंय. पण मांडवात वाजवणं वेगळं आणि तेच गाणं व्हिडिओला लावून जगासमोर टाकणं वेगळं. ती सवलत मांडवापुरती आहे.

आता कंपनीला कळतं कसं? कुणी बसून आपले व्हिडिओ बघत नाही. यूट्यूबवर २००७ पासून एक यंत्रणा आहे. कंपन्या आपली गाणी तिथे देऊन ठेवतात, यंत्र प्रत्येक गाण्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेतं आणि चढणाऱ्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून पाहतं. आपल्या बोलण्याखाली बारीक आवाजात वाजत असलं तरी ते ओळखतं. ठसा जुळला की दावा लागतो. दावा म्हणजे शिक्षा नव्हे. कंपनीनं जे ठरवून ठेवलं असेल ते होतं: व्हिडिओ चालू राहतो पण जाहिरातीचे पैसे कंपनीला जातात, किंवा तो काही देशांत वा सगळीकडे बंद होतो, किंवा कंपनी नुसती नजर ठेवते. स्ट्राइक ही वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट. मालकानं कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत असे तीन बसले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. आमच्या कुरडईवर होता तो दावा, एवढं नशीब.

दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, ही नुसती ऐकीव गोष्ट. कायद्यात असा आकडा नाही. खाली "गाण्याचे हक्क मालकाचे, आमचा हेतू वाईट नाही" असं लिहून काही होत नाही. गाण्याची पट्टी चढवून, वेग बदलून टाकणाऱ्या पोरांचं मला कौतुक वाटत नाही. ती चोरी लपवायची धडपड आहे, आणि यंत्र तीही बरेचदा ओळखतं. आपल्या मसाल्याचं लेबल थोडा रंग बदलून दुसऱ्या कुणी छापलं तर आपण गप्प बसू का? कवी आणि संगीतकार तर वर्षानुवर्षं आपलं गाणं विकून रिकामे राहत. २०१२ साली कायद्यात बदल झाला तेव्हा कुठे त्यांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला.

मग आणायचं कुठून? सगळ्यात सोपी जागा यूट्यूबच्याच घरात आहे आणि निम्म्याजणींना ती माहीत नाही. यूट्यूब स्टुडिओ नावाचं जे पान आहे, तिथे 'ऑडिओ लायब्ररी' म्हणून भाग आहे. फोनमधल्या स्टुडिओ ॲपमध्ये शोधत बसू नका. ब्राउझर उघडा, 'डेस्कटॉप साइट' वर टिचकी मारा आणि तिथून स्टुडिओत जा. संगीत मोफत आहे, भाव आणि लांबी सांगून शोधता येतं. प्रत्येक तुकड्यासमोर परवान्याचा रकाना असतो. काही तुकड्यांना नाव द्यावं लागत नाही, काहींना द्यावं लागतं. द्यायचं असेल तर तिथे तयार मजकूर मिळतो, तो जसाच्या तसा उचलून व्हिडिओच्या वर्णनात चिकटवायचा. एक तक्रार मात्र माझी आहे. तिथे संबळ, पिपाणी, टाळ असलं काही शोधाल तर हाती फारसं लागत नाही. गिटार भरपूर. थालीपीठ भाजताना मागे गिटार वाजते ते मला अजून पचलेलं नाही.

दुसरी जागा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची. यात कलाकार स्वतःच सांगून ठेवतो की या अटींवर वापरा. अमेरिकेतले केविन मॅक्लाउड हे संगीतकार आपले कितीतरी तुकडे 'इन्कॉम्पिटेक' या साइटवर असे ठेवतात, नाव दिलं की वापरायला मोकळे. पाऊस, कोंबडा, भांड्यांचे आवाज हवे असतील तर 'फ्रीसाउंड' आहे, बार्सिलोनातल्या एका विद्यापीठानं सुरू केलेलं. पण इथे अक्षरं नीट वाचायची. बीवाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही. आपण खाली ऑर्डरीचा नंबर देतो, तेव्हा एनसी आपल्यासाठी नाही. एनडी म्हणजे बदल करू नका. इथे पुष्कळजणी फसतात, कारण त्यांना वाटतं मी तर गाणं जसंच्या तसं वापरलं. पण हलत्या चित्राला संगीत जोडणं हाच बदल, असं त्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय, म्हणून एनडी व्हिडिओला चालतच नाही. एसए म्हणजे तुमचा व्हिडिओही त्याच अटींवर सगळ्यांना खुला करायचा. सीसी झिरो असेल तर काही अट नाही. आपण बीवाय किंवा सीसी झिरो एवढंच शोधावं, बाकीच्या भानगडीत पडू नये.

इन्स्टाग्रामवाल्यांसाठी थोडं. "खातं बिझनेसचं केलं आणि गाणी गायबच झाली" अशी तक्रार बऱ्याचजणींची आहे. ती बिघाड नाही. तिथली गाजलेली गाणी लोकांच्या खासगी वापरासाठी घेतलेली आहेत, माल विकण्यासाठी नाहीत. धंद्याच्या खात्यासाठी मेटाचा वेगळा संगीतसाठा आहे, 'साउंड कलेक्शन' नावाचा. त्यातलं संगीत फेसबुक-इन्स्टापुरतंच. तोच व्हिडिओ उचलून यूट्यूबवर टाकू नका. यूट्यूब शॉर्ट्सच्या आत मिळणारं गाणंही मोठ्या व्हिडिओला लावायचं नाही. ॲपला सांगून यंत्राकडून संगीत करून घेणाऱ्यांनी फुकटच्या योजनेच्या अटी वाचाव्यात. धंद्यासाठी वापरू नका, असं काहींत लिहिलेलं असतं.

कुठूनही घ्या, घेतलं त्या दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि वहीत नोंद करा: तुकड्याचं नाव, कुणाचा, कुठून, तारीख. मोफत आणि रीतसर घेतलेल्या तुकड्यावरही कधी कधी दावा लागतो, कारण त्या कलाकारानं तो ठसायंत्रणेत नोंदवलेला असतो. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नका. स्टुडिओतून हरकत घ्या आणि परवाना दाखवा. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. मात्र हक्क नसताना हरकत घेणं अंगाशी येतं, ते करू नका.

आता आमच्या कुरडईचं. स्टुडिओत त्या दाव्यासमोर तीन वाटा होत्या: तेवढा भाग कापा, गाणं बदला, किंवा आवाज बंद करा. आम्ही 'फक्त गाणं बंद' हा पर्याय घेतला. त्यात यंत्र गाणं वेगळं काढून बोलणं ठेवायचा प्रयत्न करतं. कित्येक तास लागले. आत्याबाईंचा आवाज परत आला, पण खरखरीत, मधले काही शब्द गाण्याबरोबरच गेले. उलथन्याचं वाक्य अर्धंच उरलंय. तेव्हापासून गटाचा नियम आहे: संगीत लावण्याआधीचं चित्रण एका पेनड्राइव्हवर वेगळं ठेवायचं, मग फोन कितीही भरू दे.

आणि आम्ही संगीत आता गावातूनच घेतो. शेजारच्या वाडीतला एक मुलगा पेटी वाजवतो. त्यानं स्वतः बांधलेले दोन-दोन मिनिटांचे चार तुकडे पाचशे रुपयांना फोनवर मुद्रित करून दिले, देवळात, पंखा बंद करून. गटातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. त्या पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी रचलेल्या, पण गळा त्या आजींचा, म्हणून त्यांचीही परवानगी घेतली. परवानगी तोंडी नाही, कागदावर. कशासाठी वापरणार, किती पैसे दिले, तारीख, दोघांच्या सह्या. दोन गोष्टी मात्र आवर्जून लिहायच्या. एक मुदत, कारण ती लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. दुसरी जागा, कारण ती लिहिली नाही तर भारतापुरतंच धरलं जातं, आणि आपला व्हिडिओ तर दुबईतली नणंदही बघते. म्हणून 'जगभर' असं लिहा.

आजींना सही येत नव्हती. अंगठा दिला, आणि विचारलं, "माझं नाव दिसंल ना गं खाली?" दिसतं. पहिल्याच ओळीत आहे.