घरचा संगणक सुरू होत नाही तेव्हा

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगेच्या काठी वसले आहे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या जलविद्युतगृहात वीज निर्माण करीत आले आहे आणि तेथून सुटलेले पाणी याच नदीतून खाडीकडे जाते. ज्या विजेने प्रारंभी मुंबईच्या गिरण्या चालविल्या, त्या विजेचे जाळे आज खेड्यापाड्यांत पोहोचले असून घराघरांत संगणकाने स्थान मिळविले आहे. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, शिक्षकांच्या नोंदी, ग्रामपंचायत सदस्यांचा पत्रव्यवहार अशी अनेक कामे त्यावर होतात. साहजिकच, अर्जाच्या अखेरच्या दिवशी कळ दाबूनही संगणक सुरू झाला नाही, तर सारे घर हवालदिल होते.

अशा वेळी घाईत दोन चुका घडतात. एक तर विजेची जोडणी न काढताच यंत्र उघडले जाते. किंवा ‘सर्व पुसून नव्याने भरा’ असे सांगून ते दुरुस्तीस दिले जाते. पहिल्या चुकीत जिवाला धोका असतो, तर दुसरीत वर्षानुवर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी होतात. वास्तविक पुष्कळदा दोष किरकोळ असतो. तो शोधण्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : यंत्रापर्यंत वीज पोहोचते काय? यंत्र जागे होते काय? आणि त्यातील कार्यप्रणाली उघडते काय?

वीज पोहोचते काय?

दिवा लागत नसेल व पंख्याचा आवाजही येत नसेल, तर प्रथम त्याच प्लगमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. दिवा लागला, तर पुरवठा ठीक आहे असे समजावे. त्यानंतर युपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील प्लगला जोडावा. युपीएसची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि दोष संगणकाचा आहे असे भासते. खोक्यामागील वायर घट्ट बसवावी व तेथील लहान बटण चालू आहे ना, हे पाहावे. काही जुन्या खोक्यांवर ११५ व २३० व्होल्ट असे अंक असलेली कळ असते. आपल्याकडे ती २३० वरच हवी. ११५ वर ठेवून वीज दिल्यास आतील एसएमपीएस जळतो. एवढे करूनही यश न आल्यास प्लग काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी व पुन्हा प्रयत्न करावा.

जळका वास, ठिणगी किंवा आत पाणी गेल्याचा संशय असल्यास मात्र हे काहीही करू नये. मुख्य स्विच बंद करावा. खोक्याच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर बहुधा घरातील अर्थिंग तुटलेले असते. ते परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासून घेईपर्यंत संगणक वापरू नये. एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ घातक विद्युतभार राहतो.

यंत्र जागे होते काय?

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी मॉनिटरची स्वतंत्र कळ व त्याची केबल पाहावी. यंत्रातून ठरावीक बीप ऐकू आल्यास त्यांची संख्या लिहून ठेवावी. तिचा अर्थ उत्पादकागणिक वेगळा असतो व तो पुस्तिकेत दिलेला असतो.

कोकणातील दमट हवेत धातूच्या जोडांवर गंज व मळ बसतो. मुंग्या आणि पाली उबेसाठी खोक्यात शिरतात. त्यामुळे पावसाळ्यात रॅमची पट्टी नीट न जुळण्याचा दोष उद्भवू शकतो. प्लग काढून, पत्र्याला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी. मग पट्टी काढून तिची सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि दोन्ही बाजूंचे चिमटे बसेपर्यंत दाबून लावावी. संगणक दर वेळी चुकीची तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा लहान गोल सेल बदलावा.

कार्यप्रणाली उघडते काय?

कंपनीचे चिन्ह उमटते, पण पुढे काही होत नाही, अशा वेळी पेन ड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी सर्व जोडण्या काढून पाहाव्यात. विंडोज प्रणाली लागोपाठ अडखळल्यास दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. तेथे आधी स्टार्टअप दुरुस्ती, नंतर सेफ मोड हा क्रम ठेवावा. सर्व माहिती पुसणारा पर्याय अखेरचा समजावा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास संगणक पुनःपुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढते. डिस्क शाबूत असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून माहिती उतरवून घेता येते. माहिती कूटबद्ध असल्यास त्यासाठी पुनर्प्राप्तीची किल्ली लागते. म्हणून ती आधीच कागदावर लिहून जपावी. दुरुस्तीस देताना शेवटी काय घडले, पडद्यावर काय दिसले व काय करून पाहिले, याची चिठ्ठी सोबत द्यावी आणि माहिती पुसू नये, असे स्पष्ट लिहावे.

पूर्वदक्षता

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. खंडित वीज परत येताना दाब कमीजास्त होतो. म्हणून वीज जाताच प्लग काढावा व पुरवठा स्थिर झाल्यावरच लावावा. विजा कडाडत असताना प्लगबरोबर इंटरनेटची तारही काढावी, कारण तिच्यातूनही आघात पोहोचतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवश्यक कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर व दुसरी घराबाहेर सुरक्षित ठिकाणी असावी. यंत्र बदलता येते. हरवलेल्या नोंदी पुन्हा मिळतीलच असे नाही. शिक्षकांनी वर्गात आणि सदस्यांनी ग्रामसभेत एवढी गोष्ट समजावून दिली, तरी अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.